ओट्स रोज का बिघडतात: खळ, कच्चा दाणा आणि अकरा वाजताची भूक

ओट्सबद्दलची तक्रार बहुतेक घरांत सारखीच असते. सोमवारी छान जमले. मंगळवारी तीच वाटी, तेच पातेलं, तेवढीच मिनिटं, आणि समोर बुळबुळीत खळ. पाकीट बदललं की दाणा कचकच लागतो. कधी दूध उतू जाऊन शेगडी माखते, कधी गूळ घातल्याबरोबर दूध फाटतं. एवढं निभावून खाल्लं, तरी अकरा वाजता पोटात कावळे ओरडायला लागतात. थोड्याच दिवसांत डबा फडताळाच्या मागच्या कोपऱ्यात जातो आणि सकाळ पुन्हा चहा-खारीवर येते.

मला हे फार खटकतं. पुण्यात तळजाईला किंवा वेताळ टेकडीला पहाटे चालून येणारी, तब्येतीचं खरंच मनावर घेतलेली माणसं सहज दुरुस्त होणाऱ्या गोष्टीपायी चांगला नाश्ता सोडून देतात. या बिघाडांचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. पाकिटातला दाणा कोणत्या रूपातला आहे हे न बघता कुणाची तरी ‘एक वाटी ओट्स, दोन वाट्या पाणी’ ही कृती त्याला लावली जाते. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

पाकिटात नेमकं काय आहे?

ओट्सचं वरचं टरफल काढलं की आत जो अख्खा, लांबट, फिकट तपकिरी दाणा राहतो, तो ग्रोट. तो तसाच शिजवायला पाऊण तास ते तासभर लागतो आणि पुण्यातल्या दुकानांत तो फारसा दिसत नाही. हाच दाणा पोलादी पात्यांनी दोन-तीन तुकड्यांत कापला की स्टील कट. ताटलीत ओतून बघितला तर तो जाड लापशी रव्याच्या जवळ जातो. दाणा वाफवून रुळांमधून चपटा काढला की रोल्ड. याच्या पापड्या बोटाच्या नखाएवढ्या, जाडसर, काठ बऱ्यापैकी शाबूत असलेल्या असतात. आधी तुकडे करून मग आणखी पातळ दाबले की क्विक. याच्या पापड्या लहान आणि तुटक, डब्याच्या तळाशी बराच चुरा. शेवटचा प्रकार म्हणजे आधीच शिजवून वाळवलेले इन्स्टंट. मसाला ओट्सची छोटी पाकिटं बहुतेक यातलीच.

पाकिटावर पुढे मोठ्या अक्षरांत नुसतं ‘ओट्स’ असतं. मागची बाजू बघा. शिजवायला ३ मिनिटं सांगितली असतील तर क्विक, ५ ते १० मिनिटं असतील तर रोल्ड, २० ते ३० मिनिटं असतील तर स्टील कट. भुसाराच्या दुकानातून सुटे आणले असतील तर मागची बाजूच नाही, तेव्हा ताटलीत मूठभर पसरून डोळ्यांनी ओळखायचे.

बरेच जण ‘सबंध धान्य हवं म्हणून स्टील कटच’ असा आग्रह धरतात. साधे रोल्ड आणि क्विकही सबंध धान्यच आहेत. कोंडा आणि अंकुर त्यांतून काढून टाकलेला नसतो. फरक पडतो तो पचनाच्या वेगात. स्टील कट आणि रोल्डचा ग्लायसेमिक निर्देशांक (खाल्ल्यावर रक्तातली साखर किती वेगाने चढते ते सांगणारा आकडा) साधारण पन्नाशीच्या मध्यावर असतो, इन्स्टंटचा पंचाहत्तरच्या वर जातो. म्हणजे रक्तातली साखर झटकन वर आणि झटकन खाली. रोजच्या वापराला मी रोल्ड सुचवेन, वेळ असलेल्यांना स्टील कट. इन्स्टंट प्रवासापुरते ठेवावेत.

वाटी फसवते

बिघाडाची खरी जागा ही आहे. दीडशे मिलिलिटरच्या वाटीत रोल्ड ओट्स भरले तर वजन साधारण ५५ ग्रॅम भरतं. त्याच वाटीत स्टील कट भरले तर १०५ ग्रॅमच्या आसपास. चपट्या पापड्यांमध्ये हवा राहते, तुकडे दाटीने बसतात. वाटी एकच, पण धान्य जवळपास दुप्पट.

आता तीच ‘एक वाटी ओट्स, दोन वाट्या पाणी’ लावा. रोल्डला वजनाच्या साडेपाच पट पाणी मिळालं, नेमकं हवं तेवढं. स्टील कटला तिपटीहूनही कमी मिळालं, म्हणून तो तळाला लागतो आणि आत कच्चा राहतो. क्विकला पाणी बरोबर मिळालं, पण रोल्डच्या हिशेबाने दहा मिनिटं शिजवला तर त्याचा गिचगोळा होणारच. कृती सांगणाऱ्याची चूक नाही आणि करणाऱ्याची तर मुळीच नाही. दोघांच्या डब्यांत दोन वेगळ्या वस्तू होत्या.

वजनाने मोजलं की हा घोळ मिटतो. माणशी ४० ग्रॅम कोरडे ओट्स आणि पाच ते सहा पट पाणी, म्हणजे २०० ते २४० मिलिलिटर. रोल्ड असो की स्टील कट, हा हिशेब बदलत नाही. बदलते ती वेळ. स्टील कट उघड्या पातेल्यात वीस-पंचवीस मिनिटं रटरटतो, तेवढ्यात बरंच पाणी वाफ होऊन जातं, म्हणून शेजारी अर्धी वाटी गरम पाणी तयार ठेवायचं आणि लागेल तसं घालायचं. एका माणसापुरतं करताना हे जास्त जाणवतं. मोठ्या पातेल्यात थोडं पाणी असलं की ते भराभर आटतं.

वजनकाटा रोज काढायचा नसेल तर एकदाच काढा. दुकानात किंवा शेजारी कुणाकडे काटा असेल तर तिथे ४० ग्रॅम मोजा आणि ते तुमच्या घरातल्या कोणत्या पेल्यात कुठपर्यंत येतात ते बघून खूण करा. वर सांगितलेल्या वाटीने रोल्डची पाऊण वाटी होते, स्टील कटची तिसऱ्या हिश्शाहून किंचित जास्त. तो पेला मग ओट्सच्या डब्यातच ठेवायचा. नवीन प्रकारचे ओट्स आणले की खूणही नवी.

‘खळ होते’

सगळ्यात जास्त तक्रार हीच, आणि यावर सगळ्यात जास्त बोलायला हवं, कारण चिकटपणा पूर्ण घालवायचाही नाही.

ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा पाण्यात विरघळणारा तंतू असतो, कोरड्या वजनाच्या साधारण चार टक्के. तो पाणी धरून ठेवतो आणि दाटपणा आणतो. कोलेस्टेरॉल कमी करण्याशी ज्या घटकाचा संबंध जोडला जातो तो हाच. दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात जावं, या हिशेबाने अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये ओट्सच्या पाकिटांवर हृदयाच्या आरोग्याविषयी दावा छापायला परवानगी दिली. ४० ग्रॅम ओट्समधून त्यातलं दीड ग्रॅमच्या आसपास मिळतं. काही जण चिकटपणा जावा म्हणून भिजवलेले ओट्स चाळणीवर चोळून धुतात. तसं करू नका. पाण्याबरोबर जे वाहून जातं त्यात हाच तंतू असतो.

नको असतो तो दुसरा चिकटपणा, पिष्टाचा, म्हणजे स्टार्चचा. साठ अंशांच्या आसपास पिष्ट फुगायला लागतं. तेव्हा डाव घालून सारखं घोटत राहिलं की पापड्या तुटतात, आतलं पिष्ट बाहेर पडतं आणि पतंगाला लावायच्या खळीसारखा लगदा होतो. थंड पाण्यातच ओट्स घालून गॅस पेटवला तरी हेच होतं, कारण दाणा त्या तापमानात फार वेळ रेंगाळतो.

म्हणून आधी पाण्याचं आधण ठेवायचं. तोवर जाड बुडाच्या कढईत पाव चमचा तुपावर रोल्ड ओट्स मंद आचेवर तीन-चार मिनिटं परतायचे. खमंग वास सुटला, रंग किंचित बदलला की थांबायचं. लाल करायचे नाहीत. आधणाला खळखळून उकळी आली की चिमूटभर मीठ घालून ओट्स वैरायचे, एकदाच हलवायचे आणि गॅस मध्यम करायचा. मधे एकदा तळापासून उलथन्याने हलवलं की पुरे. पाच-सहा मिनिटांनी पातेल्यात बघा. अजून सरसरीत आहेत, पळीवरून ओघळतात, असं वाटतानाच गॅस बंद करायचा. इथेच बहुतेक जण थांबत नाहीत. हवा तेवढा दाटपणा गॅसवर आला, तर ताटलीत येईपर्यंत तो हमखास जास्त होतो. झाकण ठेवून चार मिनिटं वाफेवर राहू द्या, दाणा उरलेलं पाणी स्वतःच ओढतो.

मीठ गोड ओट्समध्येही घाला. शिऱ्यात आपण चिमूटभर घालतोच, त्याने चव उठते आणि गूळ कमी लागतो.

क्विक ओट्स असतील तर परतणं तेच, पण आधणात वैरल्यावर दोन-तीन मिनिटंच. आणि एवढं करूनही ते रोल्डइतके मोकळे होणार नाहीत. तो दाण्याचा स्वभाव आहे, तुमच्या हाताचा दोष नव्हे. मऊ खाणाऱ्या आजी-आजोबांना किंवा लहान मुलांना तेच बरे पडतात.

‘दाणा कच्चा राहतो’

ही तक्रार स्टील कटची. उघड्या पातेल्यात मंद आचेवर २५ मिनिटं लागतात आणि त्याला आडवाट नाही. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. पाकिटावर २० मिनिटं लिहिलेली असतील तर दोन-तीन मिनिटं वाढवून धरा, एवढाच त्याचा अर्थ. शिजलेला दाणा बोटांत दाबला तर चपटा होतो, पण मधे किंचित चावावा लागतो. पूर्ण मेणासारखा मऊ व्हायची वाट बघू नका, ती चावच त्याची मजा आहे.

सकाळी हिंजवडीची बस गाठायची असेल तर २५ मिनिटं कुणाकडे असतात? त्यावर दोन उपाय आहेत. एक, रात्री स्टील कट दुप्पट पाण्यात भिजवून फ्रिजमध्ये ठेवायचे आणि सकाळी त्याच पाण्यासकट, उरलेलं पाणी घालून शिजवायचे. दहा-बारा मिनिटांत होतात. फ्रिजमध्ये असं मुद्दाम म्हणते आहे. एप्रिल-मे महिन्यांत ओट्यावर रात्रभर ठेवलेलं पाणी सकाळी आंबूस वास मारतं, आणि दुधात भिजवून बाहेर ठेवणं तर कोणत्याच ऋतूत नको.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो: कुकरचा डबा. दोन माणसांसाठी ८० ग्रॅम स्टील कट, ३५० मिलिलिटर पाणी, चिमूटभर मीठ आणि तुपाचा एक थेंब हे कुकरच्या आतल्या डब्यात घालायचं. डबा अर्ध्याहून जास्त भरता कामा नये. वर झाकण, खाली कुकरमध्ये नेहमीएवढं पाणी. चार शिट्ट्या, मग गॅस बारीक करून पाच-सात मिनिटं. कुकर आपोआप पडू द्यायचा. या पद्धतीत पाणी आटत नाही, म्हणून ते साडेचार पटच्या आत ठेवलं आहे. वरण-भाताचा कुकर सकाळीच लागत असेल तर तिसऱ्या डब्यात हेही होऊन जातं, वेगळा गॅस नको.

ओट्स डब्याशिवाय थेट कुकरमध्ये मात्र कधीही घालू नका. शिजताना त्यांना भरपूर फेस येतो आणि तो फेस शिट्टीच्या छिद्रात जाऊन बसू शकतो. वाफेची वाट अडली की कुकर धोक्याचा होतो. कुकरच्या माहितीपत्रकांत फेस येणाऱ्या धान्यांबद्दल ही सूचना असते, ती मनावर घ्या.

‘उतू जातं’, ‘तळाला लागतं’

उतू जाण्याचं कारण तोच फेस. उभट, लहान पातेलं सोडून पसरट आणि मोठं घ्या, म्हणजे ओट्स आणि पाणी मिळून तिसऱ्या हिश्शाच्या वर जाणार नाही. झाकण घट्ट न लावता तिरकं ठेवा. तुपाच्या थेंबाने फेस बसतो.

तळाला लागण्याचं कारण बहुतेक वेळा दूध. सुरुवातीपासून दुधातच ओट्स शिजवले की दुधातली प्रथिनं आणि साखर तळाशी बसून करपतात, आणि करपल्याचा वास सगळ्या पातेल्याला लागतो. दाणा पाण्यातच शिजवा. दूध वेगळं गरम करून शेवटी, गॅस बंद केल्यावर घाला. चवीत काही कमी होत नाही, उलट दुधाची गोडी ताजी राहते. पातेलं पातळ पत्र्याचं असेल तर ते बदला. तुळशीबागेत जाड बुडाचं, तीन थरांचं लहान पातेलं सहज मिळतं आणि ते वर्षानुवर्षं टिकतं.

‘गूळ घातला की दूध फाटतं’

गूळ किंचित आंबट असतो. जुना, पावसाळ्यात ओल धरलेला गूळ जास्तच. दूध उकळतं असताना तेवढा आंबटपणाही त्याला फाडायला पुरतो. गॅस बंद करून पाच मिनिटं थांबा. बोट सहज बुडवता येईल इतपत निवालं की किसलेला गूळ किंवा काकवी घाला. किंवा गूळ पाण्यात शिजलेल्या ओट्समध्ये विरघळवून घ्या आणि दूध ताटलीत वरून, कोमट असं घ्या. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेऱ्या, संत्री, डाळिंब ही आंबटसर फळंही गरम दुधात टाकू नका. ती दह्यातल्या ओट्सबरोबर जमतात.

रात्रीच दूध किंवा दही घालून बरणी फ्रिजमध्ये ठेवणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. सकाळी बरणी कडू लागते. त्यात अननस किंवा पपई असेल तर कारण ती फळंच. या फळांतली विकरं (एन्झाइम) दुधातली प्रथिनं तोडतात आणि तुटलेले तुकडे कडवट लागतात. ही फळं खाताना वरून घाला. आपल्याकडे पुरंदरची अंजिरं हंगामात चांगली येतात. पिकलेली दोन अंजिरं कापून वर घातली तर गुळाची गरजही लागत नाही.

‘अकरा वाजता भूक लागते’

ही तक्रार ऐकली की मी आधी विचारते, किती घेतले आणि बरोबर काय घेतलं? उत्तर बहुतेक असं येतं: तीन चमचे ओट्स, दूध, दोन चमचे मध, अर्धं केळं. हा नाश्ता गोड आहे, पण भरभक्कम नाही. ४० ग्रॅम ओट्समध्ये साधारण दीडशे उष्मांक, चार ग्रॅम तंतू आणि पाचच ग्रॅम प्रथिनं असतात. डोंगर चढून आलेल्या किंवा दुपारी दीड वाजता जेवणाऱ्या माणसाला ते पुरणार कसे?

ओट्स वाढवण्यापेक्षा सोबत वाढवा. २०० मिलिलिटर दूध म्हणजे साडेसहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम भाजके शेंगदाणे घातले की आणखी साडेसात. मिळून एकोणीस ग्रॅमच्या घरात गेलो, आणि ही पुण्यातल्या कोणत्याही स्वयंपाकघरात असणारी सामग्री आहे. बदाम-अक्रोड चांगलेच, पण शेंगदाण्याच्या कुटाला कमी लेखू नका. एक चमचा जवस भाजून, भरड कुटून घातला तर तोही उपयोगी. अख्खा जवस न चावता गिळला तर बराचसा तसाच बाहेर पडतो. अंडं खाणाऱ्यांनी शेजारी एक उकडलेलं घ्यावं.

मध आणि साखर मात्र निम्म्यावर आणा. गोडी केळ्याची, खजुराची किंवा अंजिराची असू द्या. आणि स्टील कट किंवा रोल्डच वापरा. क्विकवर असाल तर फक्त हा बदल करूनही फरक जाणवेल.

तिखट ओट्सचं काय?

आपल्या जिभेला सकाळी सकाळी गोड नको असतं, हे अगदी मान्य. म्हणून घराघरांत ओट्सचा उपमा होतो आणि खळीची तक्रार तिथे दुप्पट होते, कारण त्यात पाणी लापशीच्या हिशेबाने घातलं जातं. उपम्यासाठी वजनाच्या अडीच पटच पाणी घ्या: ८० ग्रॅम रोल्डला २०० मिलिलिटर. ओट्स आधी कोरडेच परतून ताटलीत काढायचे. मग मोहरी, हिंग, कढीपत्ता, मिरची, कांदा अशी फोडणी करून त्यात गाजर, मटार, फरसबी वाफवून घ्यायची. भाज्या शिजल्यावर उकळतं पाणी, मीठ, आणि मग ओट्स. हलक्या हाताने एकदा वर-खाली करून झाकण ठेवायचं, गॅस बारीक, तीन मिनिटं. उघडून काट्याने मोकळे करा. लिंबू आणि ओलं खोबरं वरून. क्विक ओट्सचा उपमा करूच नका, तो मोकळा होत नाही.

स्टील कट असतील तर उपम्यापेक्षा खिचडी बरी. ६० ग्रॅम ओट्स, ४० ग्रॅम मुगाची डाळ, हळद, मीठ आणि ४५० मिलिलिटर पाणी हे सगळं वर सांगितलेल्या डब्याच्या पद्धतीने शिजवा आणि वरून लसणाची चुरचुरीत फोडणी द्या. डाळीमुळे प्रथिनांचा प्रश्नही सुटतो. बरोबर कारळ्याची चटणी असेल तर मला दुसरं काही लागत नाही.

‘कडू लागतात’, ‘किडे झाले’

पुणे जिल्ह्यात ओट्स शेतात उभे दिसतात, पण चाऱ्यासाठी. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा ‘फुले हरिता’ हा वाणही चाऱ्याचाच; दाणा भरण्याच्या आधी, फुलोऱ्यात तो हिरवा कापून गाई-म्हशींना घालतात. आपल्या डब्यातला दाणा बहुधा ऑस्ट्रेलियासारख्या लांबच्या ठिकाणून येतो. त्यामुळे दुकानात पोहोचेपर्यंत तो काही महिन्यांचा झालेला असू शकतो, आणि पाकिटावरची तारीख बघणं इथे गव्हा-तांदळापेक्षा जास्त गरजेचं ठरतं.

कारण ओट्समध्ये स्निग्धांश जास्त, सहा-सात टक्के. त्याला खवट करणारं विकर दाण्यात असतंच, म्हणून कारखान्यात दाणा वाफवून ते निष्क्रिय करतात. तरी पाकीट उघडल्यावर हवा, ऊन आणि पावसाळ्यातली ओल यांनी स्निग्धांश हळूहळू बिघडतो. चिमूटभर कोरडे ओट्स चावून बघा. गोडसर, भाजल्यासारखी चव आली तर ठीक; घशाशी कडवट लागले किंवा जुन्या तेलाचा वास आला तर फेकून द्या. भाजून, गूळ घालून ती चव झाकत नाही.

मोठं पाकीट स्वस्त पडतं म्हणून घरात दोघंच असताना किलो-दोन किलो आणू नका. महिन्याभरात संपेल एवढंच आणा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत घट्ट झाकणाचा डबा आणि शक्य असेल तर फ्रिज. सोंडे किंवा अळीची जाळी धरण्याचा त्रास असेल तर नवीन पाकीट आणल्याबरोबर न उघडता चार-पाच दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवा, मग बाहेरच्या तापमानाला पूर्ण आल्यावरच उघडा, नाहीतर आतल्या गार ओट्सवर दव धरतं. ओला चमचा डब्यात घालायचा नाही, हे तर आलंच.

‘पोट फुगतं’

इतके दिवस खारी-बिस्किटावर असलेल्या पोटात एकदम तंतू गेले की असं होतं. पहिल्या आठवड्यात २० ग्रॅम, मग ३०, मग ४०. दिवसभर पाणी नीट प्या. ओट्स कच्चे खाऊ नका. भिजवा किंवा शिजवा. थायरॉइडची गोळी सकाळी घेणाऱ्यांनी गोळीनंतर डॉक्टरांनी सांगितलेलं अंतर ठेवूनच नाश्ता करावा, कारण तंतुमय अन्नाने औषध कमी शोषलं जातं. आणि ज्यांना सेलिअॅक आजार आहे त्यांनी साधे ओट्स घेऊ नयेत. गव्हाबरोबर त्याच यंत्रांवर प्रक्रिया झाल्याने त्यात ग्लुटेन, म्हणजे या आजारात न चालणारं गव्हातलं प्रथिन, मिसळलेलं असू शकतं. ग्लुटेनमुक्त असं स्पष्ट छापलेलं पाकीटही डॉक्टरांना विचारूनच.

हे सगळं करूनही ओट्स मानवले नाहीत तर हट्ट नको. खपली गव्हाची लापशी किंवा ज्वारीच्या कण्या हीसुद्धा भरड्या, सबंध धान्याचीच न्याहारी आहे. परतणं, आधणात वैरणं, डब्यात शिजवणं ही पद्धत तिथेही तशीच चालते, फक्त पाणी आणि वेळ त्या दाण्याप्रमाणे ठरवा.

उरलेल्या ओट्सबद्दल

शिजवलेले ओट्स फ्रिजमध्ये झाकून तीन दिवस चांगले राहतात. रविवारी स्टील कटचा मोठा डबा लावला तर बुधवारपर्यंत सकाळ सुटते. थंड झाल्यावर ते वडीसारखे घट्ट होतात, घाबरू नका. पाव वाटी पाणी घालून, मंद आचेवर, फक्त लागतील तेवढेच गरम करा. सगळा डबा पुन्हा पुन्हा तापवून पुन्हा फ्रिजमध्ये ठेवू नका. गूळ, दूध, फळं आधी घालून ठेवू नका, ती ज्या त्या सकाळी. आणि दोन-चार चमचेच उरले असतील तर त्यात बेसन, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, हिरवी मिरची आणि थोडं ताक घालून तव्यावर धिरडी घाला. ओट्सच्या चिकटपणाने धिरडं उलटताना तुटत नाही.